रुमालाखाली

हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा.
वर चहा, पाऊसपाणी, कुणाच्या पोरीचं जमलं,
खाली बोटं बोटांना धरून
क्विंटलचा भाव बोलायची.
कुठलं बोट किती, कुठली दाब कितीची,
मी सातवीतच शिकलो होतो.
तळहाताचं कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच हंगामात पोपटशेठनी
माझं बोट धरलं आणि सोडलं.
"मगदूम, पोराचा हात का रडतोय ओ तुमच्या?
माल भिजलाय का भाव खोटाय?"
अख्खं मार्केट यार्ड हसलं.
राजापुरी माल होता, खडखडीत वाळलेला,
हळकुंड मोडलं की काडकन वाजायचं.
क्विंटलमागं दोनशे रुपये
त्या दिवशी माझ्या घामात गेले.

अण्णा काही बोलले नाहीत.
खांद्यावरचा टॉवेल तेवढा बदलला.
दिवसाला तीन टॉवेल लागायचे त्यांना.
मला वाटायचं, रुबाब आहे.

मग सौदे धाकट्या पारसकडं गेले, मी वही धरली.
मनगटाखाली टीपकागद ठेवूनही
आठाचा फुटून ढग व्हायचा.
ओल्या तळव्यावर हळदीची पूड बसली की उठत नाही.
माझे पिवळे पंजे गल्ल्यावर, स्कूटरच्या मुठीवर,
सुषमाच्या मोती रंगाच्या साडीवर.
"लग्नाला सहा वर्षं झाली, जिनपाल,
हळद उतरली न्हाई व्हय अजून?"
बँकेतलं अंगठ्याचं मशीन तर मला ओळखायचंच नाही.

तुरटीचं पाणी झालं. चहाचा काढा झाला.
पावडरीचे डबे झाले, तिचाही चिखल व्हायचा.
धीर धर, घाबरू नकोस, असं सगळे सांगायचे.
मी घाबरत नव्हतो हो.
आधी घाम यायचा,
मग त्याला घाबरायचो.

शेवटी मिरज. डॉक्टर बागवान मॅडम.
त्यांनी माझा हात हातात घेतला
आणि पुसला नाही स्वतःचा.
"झोपेत येतो का घाम?"
मला काय माहीत. मी सुषमाकडं बघितलं.
"नाही," ती म्हणाली. "झोपेत कोरडा असतो."
मॅडमनी लिहून घेतलं.
मी तसाच बसून राहिलो.
बारा वर्षं ती माझा हात
मी झोपल्यावर धरत होती.

"ग्रंथी धड आहेत तुमच्या," मॅडम म्हणाल्या,
"त्यांना हाक मारणारी नस तेवढी
गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडते."
रात्री कोरड्या तळव्याला औषध, सकाळी धुऊन टाकायचं.
चुरचुरेल. नाही भागलं तर पाण्याचे दोन ट्रे,
त्यात जराशी वीज, वीस मिनिटं.
ऑपरेशन? "इतक्यात नको.
हात सुकतील, आणि पाठ भिजायला लागेल कदाचित."
"घरात आणखी कुणाला आहे?"
"नाही," मी म्हणालो.

औषधानं नुसतीच खाज सुटली.
मग आले ट्रे.
आठवड्यातून तीनदा मी दोन्ही हात पाण्यात घालून बसतो,
मनगटापर्यंत मुंग्या येतात,
सुषमा पेपरचं पान उलटते, मध्येच भडंग भरवते.
दीड महिन्यानं आठाचा आठ राहिला.
पूर्ण कोरडा नाही म्हणणार मी.
मे महिना आणि ऑडिटचा आठवडा
अजून सुटत नाहीत.

यार्डात आता भाव उघड्यावर पुकारतात.
रुमाल गेला, पोपटशेठही गेले.

परवा मशीन बंद करून हात पुसत होतो,
अण्णा शेजारी येऊन टेकले.
ट्रे हलवून बघितले, वायर बघितली.
मग खांद्यावरचा टॉवेल काढून
माझ्या उजव्या हातावर टाकला,
खालून बोटं धरली
आणि त्या जुन्या भाषेत विचारलं, केवढ्याला?

इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी
आपसात सौदा कधी केलाच नव्हता.
चौऱ्याहत्तर वर्षांचा तो तळवा
चिंब होता.

वर मी म्हणालो, ऊन वाढलंय यंदा.
खाली आकडा सांगितला.
अण्णांनी सवयीनं
एक बोट कमी केलं.