वरीलप्रमाणे

उद्यमबागेत आमच्या फौंड्रीच्या हीट रजिस्टरात
पान एकशे बारा. अक्षर माझं.
हीट चारशे सतरा, व्हॉल्व्हची बॉडी, नग सहा.
वजन लिहिलंय, ओतलं तेव्हाचं तापमान लिहिलंय,
आणि तपासणीच्या रकान्यात
दोन स्वल्पविराम, त्याखाली दोन स्वल्पविराम,
म्हणजे वरीलप्रमाणे.

चौथा नग, म्हणतात,
कुठल्या तरी समुद्राच्या तळाशी बसवला होता.
ज्या रात्री मिटायला पाहिजे होता
त्या रात्री मिटला नाही.
सात माणसं गेली.
त्रेसष्ट दिवस तेल वर येत राहिलं.

समुद्र मी एकदाच बघितलाय,
कामगारांच्या सहलीत, वेंगुर्ल्याला,
चपला हातात धरून.
तेवढीच आमची ओळख.

तेलकंपनी म्हणाली, विहीर आमची, खरं रिग भाड्याची.
रिगवाले म्हणाले, रिग आमची, खरं घाई त्यांची.
सिमेंटवाल्यांनी व्हॉल्व्ह दाखवला,
व्हॉल्व्हवाल्यांनी पुण्याचा एजंट,
एजंटानं कुरियरनं आमचा पत्ता पाठवला, पिनकोडसकट.
पाच्छापुरे मालकांनी केबिनच्या काचेतून
खाली शेडकडं बघितलं.
शेडमध्ये त्या वेळी
यल्लूबाई मुचंडीकर कोअर उचलत होती,
पोटाशी धरून, लेकरू धरल्यागत.
म्हणाली, "माती मी चाळूनच घेतलेली की हो.
माझ्या मातीनं समुद्र फोडला म्हणतात?"

बेंगळूरहून वकील आला.
तो इंग्रजीत विचारतो,
दुभाषी कन्नडमध्ये विचारतो,
मी मराठीत गप्प बसतो.
कुठली हद्द कुणाची, हे आमच्याकडं
आजा गेला, बाप गेला, तरी ठरलेलं नाही.
पाण्यातली हद्द मला काय विचारता?

खरं एक सांगतो.
त्या रात्री एक्सरेचं मशीन हुबळीला दुरुस्तीला गेलेलं.
गाडी गेटावर, इंजिन चालू.
पुण्याहून तिसरा फोन.
खोटं लिही, असं मला कुणी म्हणालं नाही.
देवाशपथ, कुणीच नाही.
एवढंच म्हणाले, हलगेकर, गाडी उभी हाय.
मी वरची ओळ बघितली. तिथं 'ठीक'.
तिच्या वरची बघितली. तिथंही 'ठीक'.
पेन हातात होतंच.

दुभाषी भला माणूस.
चहाच्या सुट्टीत त्यानं जाड फाईल उघडून दाखवली.
बाकीच्यांचे कागद, गुळगुळीत, रंगीत शिक्के.
म्हणाला, तुमच्या नंतर पाच ठिकाणी तपासायचा होता नग.
मी शब्द वाचू शकलो नाही,
रकाने वाचले.
पाचही ठिकाणी कुणीतरी वर बघितलं होतं.
सगळ्यात वरच्या पानावर, जिथं वर काहीच नव्हतं,
तिथं नुसती सही होती.
माणसाचं नाव नव्हतं, कंपनीचं होतं.

मोबाईलवर एक पक्षी बघितला, तेलात बुडालेला.
ते काळं मला ठाऊक हाय.
साच्याला लावायचं काळं असंच,
नखातनं निघत नाही,
रॉकेलनं घासलं तर कातडी निघते.
तो पक्षी आता त्यांच्या जाहिरातीत हाय,
एक बाई त्याला फेसानं धुते,
दर वेळी तो उडतो.

निकाल लागायचा हाय. नोकरी तोवर हाय.
नव्या रजिस्टरात मी दर नगापुढं पूर्ण ओळ लिहितो:
बघितला. हातानं चाचपला. नरसू हलगेकर.
नाहीतर, बघितला नाही. नरसू हलगेकर.
काल मालक मागं येऊन उभे राहिले.
म्हणाले, एवढं कशाला लिहितोस रे,
उद्या कोण वाचलं तर?
बाहेर गाडीनं हॉर्न दिला.
मी पाचव्या नगावर होतो.