डब्यात दही आहे

खानापूरहून सकाळी सातची बस.
मांडीवर डबा, डब्यात बर्फ,
बर्फात झाकणबंद कुपी,
कुपीवर माझ्याच अक्षरात: नमुना एक्केचाळीस.
कंडक्टरनं विचारलं, डब्ब्याग एनैतव्वा?
मोसरु, म्हटलं मी. दही.
त्यानं शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं,
डबा सरळ धर म्हणाला, सांडंल.

खोटं बोललो मी.
आमच्याकडे बायकाही बोललो म्हणतात,
पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.
कुपीत भरमाची विष्ठा होती, वाटाण्याएवढी.

भरमा माझा धाकटा. वखारीत लाकडाचा हिशेब लिहायचा,
सागवान बघून घनफूट तोंडानं सांगायचा.
दोन वर्षांत तीनदा टायफॉइड,
तीनदा गोळ्या, शेवटी सलाईनमधून.
ताप गेला.
नंतर जे घरी आलं ते जेवतं, उठतं, म्हशीला पाणी दाखवतं.
कसा हैस विचारलं तर पूर्वी म्हणायचा, बरं हाय की!
आता म्हणतो, बरं हाय.
ते एवढंसं 'की' कुठं सांडलं
ते मी वर्षभर शोधतोय.

लॅबमध्ये आमचं काम अंधारातल्या माणसांशी.
मी माणसंच म्हणतो त्यांना.
हवा लागली की मरतात,
म्हणून काचेच्या पेटीत
जाड हातमोज्यांतून हात घालून त्यांना जेवू घालायचं.
हुद्दार मॅडम चहा पिताना सांगतात,
सेरोटोनिन मेंदूचं समजतात लोक,
पण शंभरातलं नव्वद आतड्यात होतं.
भिंतीतल्या थोड्याशा पेशी ते करतात,
आणि हे आतले भाडेकरू
भाकरीचा कोंडा खातात, आम्ल सोडतात,
त्या पेशींना ढोसत राहतात, करा, करा.
जंतूच नसलेला उंदीर वाढवून बघितलाय लोकांनी.
त्याच्या आतड्यात ते बरंच कमी भरलं.

मग ते वर जातं? डोक्यात?
नाही, म्हणाल्या. मेंदूच्या वेशीवर नाका आहे.
आतड्यातला माल आत सोडत नाहीत.

मला कोगनोळीचा नाका आठवला.
करोनात कागलहून माहेराला निघालेली आत्या,
रिपोर्ट नाही म्हणून तिथंच अडवली.
नाक्यावर उभी राहून फोनवरून
वहिनीला वाट्टेल ते बोलली ती,
आणि तिकडं निपाणीत
वहिनी भिंतीला टेकून रडत होती.

तसंच, म्हणाल्या मॅडम.
माल अडतो. निरोप जातो.
पोटातून डोक्यापर्यंत एक लांब नस आहे,
व्हेगस. म्हणजे भटकी.
निरोप कुठल्या भाषेत जातो
ते विचारायचं राहिलं, घंटा झाली.

तिसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या.
चाळीसवर दाटी, बेचाळीसवर दाटी,
जत्रेत मांडी घालायला जागा नसते तशी.
एक्केचाळीसवर चार ठिपके,
लांब लांब बसलेले.
मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या,
यावरून काही ठरत नाही हं.
उंदीर वेगळा, माणूस वेगळा,
आणि दुःखाला काय एकच कारण असतं?
मला पटलं.
रजिस्टरात लिहिलं, वाढ तुरळक.
तुरळक शब्द लिहिताना
पेन दोनदा उमटलं नाही.

संध्याकाळी परत तोच कंडक्टर.
काय अक्का, परवाचं दही?
लागलं नाही नीट, म्हटलं.
विरजण कमी पडलं आसंल, तो म्हणाला, मोडक्या मराठीत,
शेजाऱ्याकडचं घ्यायचं जरा.
ऊबेत ठेव. सारखं झाकण काढून बघू नको.
देसूर गेलं तरी तो सांगतच होता,
त्याची आई घोंगडीत गुंडाळायची म्हणे.

घरी ओसरीवर दिवा होता.
आईनं नाचणीची आंबील कालपासून आंबत ठेवलेली,
त्याचा आंबूस वास दारापर्यंत.
भरमा पायरीवर.
कसा हैस रे?
बरं हाय, म्हणाला.
मी एक चप्पल काढली.
दुसरी काढायला
उगाच वेळ लावला.