बासष्ट झेंडे

आर्लो विट्झेलचे गुडघे आता वाकत नाहीत,
म्हणून नोव्हेंबरात झेंडे मी रोवते.
तो पिकअपला टेकून नावं सांगतो,
यादी खिशात, घडीसुद्धा न मोडलेली.
बासष्ट नावं. कोण कुठल्या लढाईतला,
कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरायची, तेही.

जमीन गोठायला लागलेली असते या दिवसांत.
आधी पेचकसानं भोक पाडायचं,
मग काडी आत.
वारा नेब्रास्काचा, त्याला उभं काही बघवत नाही.

आमच्या घरात झेंड्याला कुणी हात लावत नसे.
आजोबा मेनोनाइट. बंदूक उचलणार नाही म्हणाले,
आणि अठरा साली एका रात्रीत
आमच्या कोठाराला कुणीतरी पिवळा रंग फासला,
भेकडांचा रंग.
आजोबांनी तो ना खरवडला, ना झाकला.
लहानपणी मी फळीच्या चिरेत नख घातलं
की नखाखाली पिवळं यायचं.

कुणी फासला, ते ओटिस ग्रोव्हमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं:
आर्लोच्या काकानं, एमिलनं.
त्याच उन्हाळ्यात तो फ्रान्सला गेला
आणि फुप्फुसांत गॅस घेऊन परतला.
पुढची अकरा वर्षं खुर्चीतच झोपला,
आडवं झालं की श्वास कोंडायचा.
शेवटच्या हिवाळ्यात माझी आजी त्याला सूप न्यायची.
एमिल सतरावा.
त्याच्यापाशी मी पेचकस जरा जास्तच जोरानं खुपसते.
मग काडी सरळ करते. दोनदा.

शनिवारी आम्ही पाचजणी कोर्टाच्या पायऱ्यांशी उभ्या राहतो,
हातात एक पाटी: 'आणखी मुलं पाठवू नका.'
तेरा वर्षं झाली.
कुणी हॉर्न वाजवतं, कुणी बोट दाखवतं.
एकदा बर्फाळ पावसात आर्लोची पिकअप थांबली.
थर्मास माझ्या हातात कोंबत म्हणाला,
"तुमचं मला पटत नाही. पण थंडी आहे."
तेव्हापासून थर्मास दर शनिवारी येतो.
पटलेलं अजून काही नाही.

या वर्षी शेवटचं नाव झाल्यावर
त्यानं खिशातून एक चमचा काढला.
कोरियातला. मेलेल्या पोराच्या पायपट्टीत खोचलेला होता.
पोरगं त्याच्याच वयाचं, एकोणीसचं.
"मीच," म्हणाला. पुढचं वाक्य केलं नाही.
घरी आल्यापासून सकाळचे ओट्स यानंच खातो.
दांड्यावर खिळ्यानं कोरलेली तीन अक्षरं,
दोन जवळजवळ पुसलेली,
त्याच्याच अंगठ्यानं.
"तुमच्यात शिकलेली माणसं आहेत. वाचून आण."

मी लिंकनला गेले. विद्यापीठातल्या एका चिनी बाईनं
चमचा खिडकीशी नेला, कलता केला,
उजेडात, मग सावलीत.
पहिलं आडनाव असावं, म्हणाली. लिऊ.
बाकीचं लागत नाही.
परत देताना तिनं तो दोन्ही हातांनी दिला.

झेंडे काढायला गेलो त्या दिवशी आर्लोला सांगितलं.
"लिऊ," त्यानं म्हणून पाहिलं,
तोंडात काही गरम असल्यासारखं.
"तुझ्या प्रार्थनेत घाल त्याला."
मी म्हटलं, आर्लो, लिऊ कोट्यवधी असतात.
तो एक पाय हातांनी उचलून पिकअपमध्ये घेत होता.
"मग लवकर सुरू कर," म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.

एमिलची काडी तेवढी राहिली होती.
निघत नव्हती, जमीन पुरती गोठलेली.
गुडघ्यांवर तर मी होतेच.