चौदा पॉइंट दोन

तामलवाडीच्या अलीकडं हेडलाइट पिवळे पडले,
मग हळदीचं पाणी,
मग नुसता भास.
मागच्या सीटवर चाळीस किलो शेंगाचटणी, पाठीला ट्रकचे हॉर्न
आणि डॅशबोर्डावर बॅटरीचा तांबडा दिवा.
तो तेवढा ठणठणीत.

सकाळी अशोक चौकापुढं, गड्डमच्या पत्र्याखाली.
एप्रिल. पाना उचलायचा तोही फडक्यानं.
नरसय्या गड्डम बॉनेटमधूनच बोलला,
"अल्टरनेटर चांगला आहे काकू.
त्याच्याकडं आहे, पण आपल्याकडं येत नाही."
मला उधारीची वही आठवली.

टेप मारून द्या म्हटलं, तुळजापूरची ऑर्डर अडलीय.
तो काही बोलला नाही.
बॅटरीची निगेटिव्ह सोडवली
(रेवणनं ती ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून
बाजूला निजवली, तान्ह्या लेकरासारखी)
आणि सगळा हार्नेस बाहेर ओढला.

अठ्ठावीस वर्षांचा. वाकवला की आवरण
कडक भाकरीसारखं मोडत होतं,
आतलं तांबं हिरवं.
टेपखाली टेप, तिच्याखाली टेप,
थराथरात कुणाकुणाची घाई.
हा बार्शीचा जोड, हा मोहोळचा,
भर पावसात छत्री धरून मारलेला.
सगळ्यात आत मात्र टेपच नव्हती.
पांढरं सूत, वीस-पंचवीस वेढे, वरून मेण.

"हे कुणी केलं?"
"आमच्या ह्यांनी."
"मिलमधले?"
"साचेखात्यात होते. बंद पडेपर्यंत."
त्यानं तो जोड उजेडात धरला, नखानं खरवडला.
"जोड अजून पक्का आहे," म्हणाला,
"वायर मेली. दोन्ही अंगांनी."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले,
तिथली तार काय, इथली तार काय, सारखंच की.
"नाही ओ काकू."
त्याचे वडील, आजोबा, दोघांचं आयुष्य मागावर गेलेलं.
"तिथं तार तुटली की दिसते, माग थांबवता येतो.
इथं वरून साबूत. गाडी पळत असते
आणि आत कधीच गेलेली असते."
मग क्रिम्पिंगच्या पकडीसाठी रेवणवर तेलुगूत ओरडला,
रेवण कानडीत पुटपुटला.
मला दोन्ही कळलं, मी रस्त्याकडं बघत राहिले.

जाड तांबडी बॅटरीला. बारीक पांढरी दिव्याला.
मध्ये फ्यूज. वर नळी,
सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब.
"जाडीत पैसे वाचवू नका," एवढंच दोनदा सांगितलं.

मीटर अकरा पॉइंट सहा.
चावी फिरवली.
चौदा पॉइंट दोन.
तांबडा दिवा गेला.

"विझला!" रेवण ओरडला,
आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
"विझला म्हणू नये रे, वाढला म्हणावं."
गड्डम हात पुसत हसला.
"हा विझलेलाच बरा, काकू."

जुना हार्नेस भंगाराच्या डब्यात गेला,
तांबं किलोवर जातं.
सुताचा जोड त्यातच.
मी मागितला नाही.
पाव किलो चटणी ठेवली, त्यानं बिलातून पन्नास कमी केले,
मी परत दिले.

तामलवाडी ओलांडली तेव्हा ऊन होतं,
अंधाराला अजून तास-दीड तास होता.
तरी मी हेडलाइट लावूनच गेले.
समोरून येणारे हात हलवून सांगत होते,
बाई, दिवे चालू आहेत.