उद्या वाळत घालू

इडवल म्हणाला होता, उद्या वाळत घालू.
सप्टेंबरातली शेवटची सकाळ,
समुद्राकडून आडवा पाऊस,
मागे उभ्या गाडीवाल्याचा हॉर्न,
आणि आम्ही दोघं गुडघ्यांनी रेटून
कॅरव्हॅनची कनात पिशवीत कोंबत होतो,
भांडणातलं शेवटचं वाक्य गिळावं तशी.
उद्या म्हणजे एप्रिल,
हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आज चेन ओढली
तर आधी वास बाहेर आला, मग कापड.
जिथे जिथे घडी होती तिथे तिथे
मिरपूड सांडल्यासारखी बुरशी.
सहा महिने गॅरेजात
आमचं भिजत घोंगडं
आपलं आपण संसार थाटून बसलं होतं.

इडवल खुर्चीत. डिसेंबरात नवा खुबा बसवला,
तेव्हापासून तो फक्त सूचना करतो.
"ब्लीच आण."
"ब्लीच नको!" कुंपणापलीकडून टेग्विन.
होलीहेडच्या बंदरात तीस वर्षं ताडपत्र्या शिवल्यात त्यानं,
बोलतो तेही टाके घातल्यासारखं:
ब्लीचनं डाग जाईल, मागोमाग शिवणीतला दोरा जाईल.
आधी कोरडीच झाड, मऊ ब्रशनं, उघड्यावर,
नाकाला फडकं बांधून.
मग कोमट पाणी, मग माझ्याकडच्या डब्यातलं औषध.
लाव आणि अर्धा तास चहा पी.
आणि हे बघ मेरेरिद,
बुरशी मरेल.
डाग मरेलच असं नाही.

शिडीवर मी, बादली खाली, इडवल त्याहून खाली,
"डावीकडे राहिलं" म्हणत.
छताच्या कोपऱ्यात पोचले
आणि ब्रश थांबला.

तीन उन्हाळ्यांमागे एफानं फुलबाजीनं इथे भोक पाडलं होतं.
रडली नाही. ठिगळाच्या प्लॅस्टिकमधून
स्वतःच मासा कापला,
वाकडा, एकाच बाजूला डोळे दोन,
आणि तळहातानं दाबून बसवला.
आता ती सोळाची.
शनिवारी तिला बुटांच्या दुकानात काम असतं.

त्याच्या चहूबाजूंनी काळं,
माशावर मात्र एक ठिपका नाही.
प्लॅस्टिकवर बुरशीला खायला काही मिळत नाही,
टेग्विन म्हणाला.
असेल.
मी त्याच्या कडेकडेनं घासत राहिले,
काळं पाणी कोपरावरून बाहीत उतरलं,
मासा उथळात आला.

दोनदा धुतली. दोन दिवस वाऱ्यावर टांगली.
मग पाणी धरू नये म्हणून वरून लेप.
संध्याकाळी इडवलनं काठी टेकत येऊन
कपातला उरलेला चहा तिच्यावर शिंपडला.
थेंब गोल झाले, घरंगळले,
एक त्याच्या बुटावर.
चाळीस वर्षांत इतका खूश मी त्याला
फार तर तीनदा पाहिला असेन.
फिकट करडे डाग राहिले, घडीच्या रेषेत.
लोकांना दिसत नाहीत.

आणि आला सप्टेंबर,
निघायच्या सकाळी पुन्हा तोच आडवा पाऊस.
इडवलनं तोंड उघडलं.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं मिटलं.

ओली कनात गाडीच्या मागे सैल टाकून
चॅपेलच्या किल्लीवाल्या ओलवेनकडे गेलो.
गॅरेजात ती पसरत नाही, आम्ही म्हणालो.
इथे बाकं चौदा, माणसं पाच,
पसरा, ती म्हणाली,
फक्त ऑर्गनवर पाणी नको.

रविवारी प्रार्थनेला आलेले
मधल्या वाटेनं, कापड सावरत,
पुढच्या बाकांवर दाटीनं बसले,
कित्येक वर्षांत बसले नव्हते इतके जवळ.
गॅलरीच्या कठड्यावरून छत खाली लोंबत होतं,
दोन डोळ्यांचा मासा उलटा.
कुणी विचारलं नाही. दोघंतिघं बघत राहिले.

मी हळूच हात लावला.
शिवणीपाशी अजून दमट.
इडवलनं भुवया उंचावल्या.
राहू दे, मी मान हलवली,
आणि दुसरं स्तोत्र सुरू झालं.