बोले ते अबोल

खिडकीखाली पहाटेपासून एकच शब्द.
निळ्या-पांढऱ्या व्हॅनच्या दाराला लटकलेला पोरगा
जीव तोडून ओरडतोय : बोले, बोले, बोले!
कोण बोले? काय बोले?
अर्धवट झोपेत वाटलं, कुणाची तरी ओवी
क्रियापदापाशीच अडकलीय, पुढे सरकत नाही.
मग आठवलं, विमानतळाकडच्या भागाचं नाव ते.
रात्री तिथंच तर उतरलो.

दुसरा पोरगा अरात किलो, तिसरा सिदिस्त किलो.
चार किलो आणि सहा किलो, काउंटरवरची सेबले सांगते,
चौकांची नावं आहेत. मी खिशातले बिर चाचपतो :
अदिस अबाबात रस्ते वजनावर देतात की काय!

तिच्यामागच्या भिंतीवर घड्याळात बारा,
माझ्या मनगटावर सहा.
आल्या आल्या बारा वाजले, मी मनात हसलो.
बंद पडलं असेल बिचारं.
सेकंदकाटा टुकटुक चालला होता,
ते तीस वर्षं सूतगिरणीची यंत्रं जुळवलेल्या
माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही.

अतो गेताहुन फोनवर म्हणाले होते, तीनला या.
म्हणजे अख्खी सकाळ मोकळी.

मी मेर्कातोत शिरलो. गर्दीनं मला उचललं
आणि वाटेल तिथं नेऊन ठेवलं.
एकावर एक अकरा गाद्या, खाली नुसते दोन पाय चाललेत.
बर्बरे मिरचीचे ढीग, मला सात शिंका,
मोजणारी बाई आठवीची वाट बघत थांबलेली.
टायर कापून चपला करणाऱ्यानं
नजरेनंच माझ्या पावलाचं माप घेतलं.
पत्र्याच्या गल्लीत तर विचारसुद्धा ठोकून सपाट होतात.
आणि जो तो म्हणतो इशी.
होकाराला इशी, निरोपाला इशी,
गाढवाला वाट देणारा मिशाळ हमालही इशी.
आमच्याकडे एवढं इश्श एका लग्नातही ऐकू येत नाही.

बरोब्बर तीनला फाटकाशी. कुलूप.
पांढरी गाबी पांघरलेले रखवालदार देमिसेव,
त्यांचं इंग्रजी माझ्याहून जरा बरं :
'तीनला बोलावलं होतं. चारपर्यंत थांबले. गेले.'
'अहो, आत्ता तर तीन वाजतायत!'
'आत्ता नऊ.'
काठीनं सूर्य दाखवतात. उगवला की एक एक तास मोजायचा.
'मध्यरात्री दिवस बदलता तुम्ही,
तेव्हा बघायला जागं कोण असतं?'
आपले प्रहरही उगवतीपासूनच मोजायचे,
मला हे कुणी परक्यानं सांगावं!

वहीत सही करायला लावली.
तारखेतलं साल सात-आठ वर्षांमागचं.
आधी हसू आलं, साडेसाती उलटी फिरली म्हणून.
मग पेन थांबलं.
त्या सालात श्रीपाद अजून माझ्याशी बोलतो.
जिन्याखालच्या खोलीवरून आमचं वाजायचंय,
अबोल्याला हे सहावं वर्ष, तो सुरूच व्हायचाय.

फाटकाच्या आडोशाला मुलुनेश कॉफी भाजते.
जमिनीवर ओलं गवत, ताटलीत मक्याच्या लाह्या.
धूर माझ्याकडे सारते, आधी वास घ्यायचा.
बिनकानाचा इवला पेला हातात देते आणि म्हणते, अबोल.
मी दचकतो. हिला कुणी सांगितलं?
पहिल्या पेल्याचं नाव, देमिसेव म्हणतात.
दुसरा तोना. तिसरा बेरेका, म्हणजे आशीर्वाद.
तिसऱ्याआधी उठायचं नसतं.

तिकडे साडेसहा झाले असतील.
दुकानातला दिवा लावून
श्रीपाद गल्ल्यावर टेकला असेल.
रस्त्यावर पुन्हा ती व्हॅन, पुन्हा तो पोरगा,
बोले, बोले, घसा बसलेला.
विमानतळाकडे चाललाय, मला माहीत आहे.

मुलुनेश तिसरा पेला पुढे करते.
इशी, म्हणतो मी.
कुणाला, ते नीट कळलेलं नाही.