पक्ष्याला काय लागतं

लिएपायाच्या बंदराकडं तोंड करून बसलेली खोली.
इमान्तस म्हणाले, "एवढं सोडून काहीही काढ."

एवढं म्हणजे ब्राउझरच्या कोपऱ्यातलं बोटभर प्लगिन.
नवं पान उघडलं की एक पक्षी.
वेल्तानं बसवलेलं,
जाण्याआधीच्या हिवाळ्यात.
आज टिटवी होती.

मी परवानग्या उघडून दाखवल्या:
सगळ्या पानांवरचं वाचायचं, हवं ते बदलायचं,
पेन्शनचं खातं, दवाखान्याचे रिपोर्ट,
मुलीला लिहून न पाठवलेली पत्रंसुद्धा.
पक्ष्याला हे कशाला लागतं?

ज्यानं बनवलं त्यानं मार्चमध्येच विकलं.
पक्षी तेच. बीळ तेच.
आत नागोबा नवा.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"तिला कळलं असतं?"

नसतं.
मलाही कुठं कळलं,
गेल्या खेपेला मीच तर अपडेट दाबून गेले होते.
हे सांगायला मला
उतरलेला जिना परत चढावा लागला.

काढून टाकलं. पासवर्ड बदलले, एकेक करत,
चहा दोनदा गार झाला.
मग त्यांनी नवं पान उघडलं.
कोरं.

बाहेर धक्क्याच्या कठड्यावर एक कुरव,
लंगडा, मळकट, कुणाचाच नसलेला.
इमान्तसनी काचेवर बोट ठेवलं.
"हा चालेल?"